पोळपाटाचं पिस्तूल

ब्रिटनमध्ये पिस्तुलांवर बंदी आहे, आणि तरी आम्ही सगळे मिळून एक पिस्तूल तयार करतोय, तेही शेवटचे दिवस मोजणाऱ्या आजाऱ्यांच्या मदतीसाठी, असं मी नागपूरला माझ्या आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तिकडे थंडी फार आहे का गं?"

थंडी नव्हती. जून होता, म्हणजे कार्डिफमध्ये एका स्वेटरवर भागत होतं.

मी तेव्हा एका इन्शुरन्स कंपनीत लोकांच्या गाड्यांना आलेल्या पोचांचे क्लेम तपासायचे. नवरा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवणं हा त्याचा व्यवसाय आणि घरी येऊन स्वतः झोपणं हा छंद, त्यामुळे माझ्या संध्याकाळी मोकळ्याच असत. ऑफिसात माझ्याबद्दल लोकांना दोनच गोष्टींचं कुतूहल होतं. एक म्हणजे मी रोज करी करते का, आणि दुसरं म्हणजे माझं लग्न माझ्या मर्जीने झालं का. ख्रिसमसच्या जेवणात हे दोन्ही प्रश्न पुन्हा आले, तेव्हा वैतागून मी म्हटलं, "कॉलेजात मी एनसीसीत होते. रायफल चालवायचे."

माझ्या शेजारच्या खुर्चीतली पन्नाशीची बाई, जी इतकी वर्षं माझ्याशी फक्त हवामानावर बोलली होती, ती खुर्ची ओढून जवळ आली. "मग गुरुवारी ये," ती म्हणाली. ती एका नेमबाजी क्लबची सेक्रेटरी निघाली.

क्लब म्हणजे काय, तर कार्डिफच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावात रग्बी क्लबची इमारत होती आणि तिच्या मागे एक लांबट, बुटकी खोली. पूर्वी तिथे स्किटल्स खेळत, म्हणजे लाकडी सोंगट्या उभ्या करून चेंडूने पाडत. त्या सोंगट्या पाडणारी पिढी स्वतःच पडली आणि खोली मोकळी झाली. आता तिथे गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं दहा मीटरवर टांगलेल्या कागदाला भोकं पाडायची. खरी पिस्तुलं कायद्याने जाऊन काही वर्षं झाली होती. उरली होती ती हवेची, दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा बारीकसा छर्रा सोडणारी. त्यांना लायसन्सही लागत नसे. पण जुने सभासद ती अशा चेहऱ्याने हातात धरायचे, की जहागीर गेलेल्या सरदाराला कोणी नगरपालिकेत कारकून म्हणून बसवावं.

मला तिथे आवडलं. करीबद्दल कोणी विचारलं नाही. "कोपर सरळ ठेव," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात क्लबचा एक जुना सभासद हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या आजाऱ्यांच्या शुश्रूषागृहात, वारला. अखेरच्या दिवसांत त्याची तिथे फार माणुसकीने देखभाल झाली होती, म्हणून हॉस्पिससाठी निधी जमवायचा ठरला. मीटिंग झाली. कोणीतरी चॅरिटी वॉक सुचवला. सगळ्यांनी एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तो विषय संपला. कोणीतरी केक विकू म्हणालं. मागच्या वर्षी विकलेले केक लोकांना अजून आठवत होते, काहींच्या दातांनाही.

मग अध्यक्ष बोलले. हे शाळेत लाकूडकाम आणि धातुकाम शिकवून रिटायर झालेले एक उंच, वाकलेले गृहस्थ. "आपल्याला येतं तेच करू," ते म्हणाले. "एक उत्तम कस्टम पिस्तूल करू. प्रत्येकाने एकेक भाग द्यायचा. मी जोडतो. रॅफलला लावू, म्हणजे तिकिटं विकून सोडत काढू."

टाळ्या पडल्या. मी नवीन होते, म्हणून हात वर केला. "कस्टम म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताला बेतलेलं ना? पण हे जिंकणार कोण ते तर शेवटी कळणार. मग बेतायचं कोणाच्या हाताला?"

"फार चांगला मुद्दा आहे," अध्यक्ष म्हणाले. या देशात याचा अर्थ एवढाच, की यावर आता कोणी काही बोलायचं नाही.

पहिली अडचण हॉस्पिसकडूनच आली. तिथल्या निधीचं काम बघणाऱ्या बाई फार गोड होत्या. सेक्रेटरी आणि मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी बिस्किटं पुढे केली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे लोक शांतपणे जायला येतात. आमच्या नावाशेजारी पोस्टरवर पिस्तूल... कसं दिसेल ते?"

"आणि त्यातून आलेले पैसे?" सेक्रेटरीने विचारलं.

"पैशांना काहीच हरकत नाही," बाई घाईने म्हणाल्या.

तेव्हा बक्षिसाचं नाव बदलायचं ठरलं. कौन्सिलला कळवताना, पोस्टरवर आणि तिकिटांवर, सगळीकडे 'हाताने घडवलेलं क्रीडा साहित्य' असं छापलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. अध्यक्षांनी पोलिसांनाही फोन केला. त्यांनी हवेचंच आहे ना एवढी खात्री केली, जिंकणारा सज्ञान असू द्या म्हणाले आणि फोन ठेवला. थोडक्यात, पिस्तुलाची सगळ्यात कमी धास्ती पोलिसांना होती.

भाग जमू लागले. मुख्य सांगाडा अध्यक्षांनी त्यांच्या जुन्या पिस्तुलाचा दिला. ट्रिगर दिला एका रिटायर पोस्टमनने, आणि देताना एवढं भाषण केलं की किडनी देतोय असं वाटावं. ट्रिगर निळा होता. नेम धरायची साइट सोनेरी रंगाची आली. ज्याने दिली त्याने अट घातली की ती काळी रंगवायची नाही. हवेचं सिलिंडर लाल. रग्बी क्लबच्या बारमनने पेटीच्या अस्तरासाठी मखमली पडदा दिला, त्याला अजून बिअरचा वास होता. नळी मात्र नव्हती, आणि मुठीसाठी चांगलं अक्रोडाचं लाकूड देणारा कोणी दाता भेटत नव्हता.

नळी मिळाली वारलेल्या सभासदाच्या बायकोकडे. त्याच्या पिस्तुलाचं बाकी सगळं गॅरेजच्या ओलीने खाल्लं होतं, नळी तेवढी शाबूत होती. ती कार्डिफमध्ये माझ्या घरापासून जवळच राहायची, म्हणून आणायचं काम माझ्यावर आलं.

तिने चहा दिला. नळी आधीच स्वयंपाकघरातल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली होती. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले, तर तिने हात हलवला. "तो गुरुवारी क्लबला जायचा ना, ती माझी हक्काची संध्याकाळ असायची. टीव्हीचा रिमोट माझा, सोफा माझा. फार सुख वाटायचं." ती कपाकडे बघत राहिली. "आता सगळेच वार गुरुवार झालेत."

निघताना तिने नळी फ्रेंच पावाच्या लांब कागदी पिशवीत घातली, पावसात भिजू नये म्हणून.

ती पिशवी मांडीवर घेऊन मी डोंगराकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्याच वर्षी लंडनच्या गाड्यांमध्ये स्फोट झाले होते. तेव्हापासून आमच्या रंगाच्या माणसाने ट्रेनमध्ये सॅक नुसती खाली ठेवली तरी आजूबाजूचे लोक पुढच्या स्टेशनाची वाट पाहू लागत. आणि मी बंदुकीची नळी घेऊन बसले होते. पिशवीच्या तोंडातून टॉवेल डोकावत होता आणि टॉवेलातून पोलाद. समोरच्या आजीबाई तिकडेच बघत होत्या.

"काय गं आहे ते, लव?" त्यांनी विचारलं.

"लाटणं," मी म्हटलं.

"अय्या! खूप बेकिंग करतेस वाटतं?"

"रोज," मी म्हटलं. पाकिटातल्या पोळ्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याला बेकिंग म्हणत असतील तर ते खरंही होतं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा नेमका जागा होता. "तू बंदुकीची नळी घेऊन ट्रेनने गेलीस?"

"नुसती नळी."

"नुसती नळी! अगं, समोरच्याला सगळ्यात आधी नळीच दिसते. कोणी पोलिसांना फोन केला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं का, बाई, बाकीचं पिस्तूल कुठाय?"

सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि सोफ्यावर शेंगा सोलत सगळं ऐकत होत्या. मुलाची काळजी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. त्यांनी नेमका शब्द पकडला.

"लाटणं म्हणालीस?"

"हो, आई."

"मग पोळपाट नको का?"

येताना त्यांनी सामानात एक जाडजूड शिसवी पोळपाट आणला होता. त्यासाठी विमानतळावर लाडवांचा एक डबा काढून ठेवावा लागला होता, आणि हे आम्हाला दर दोन दिवसांनी ऐकायला मिळत होतं. आता त्या उठल्या, कपाटातून तो पोळपाट काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "मुठीला लाकूड मिळत नाही म्हणत होतीस ना? घे. या घरात पोळ्या पाकिटातून येतात. बसून बसून याला नैराश्य यायचं. त्यापेक्षा बंदूक होऊ दे."

मी नको, नको म्हणून पाहिलं. "आई, एवढ्या लांबून आणलात."

"म्हणूनच. आणल्यासारखं काहीतरी झालं पाहिजे."

पोळपाट एकटा पाठवायला मात्र त्या तयार नव्हत्या. गुरुवारी साडी, स्वेटर, त्यावर माझा रेनकोट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात त्या क्लबमध्ये आल्या आणि पोळपाट अध्यक्षांच्या हातात दिला. अध्यक्षांनी तो हातात तोलून पाहिला, बोटाने वाजवला, नाकाशी नेला.

"यावर काय करतात?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं.

"आणि यांना हा नकोय? इतकं सुंदर लाकूड?"

"त्याला सांग," सासूबाई मराठीत म्हणाल्या, "की माझ्या सुनेला पीठ म्हणजे काय ते फक्त चित्रात बघून माहितीये."

"त्या म्हणतायत, त्यांना देताना आनंद होतोय," मी सांगितलं.

मूठ कधी तयार होईल असं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "नाऊ, इन अ मिनिट." वेल्समध्ये सगळे असंच म्हणतात. आत्ता, एका मिनिटात. याचा अर्थ आत्ता नाही आणि मिनिटात तर नाहीच नाही. शिवाय शिसवाने त्यांच्या करवतीचे दात बोथट करून टाकले. फाइल्स घसरू लागल्या. जुलै संपत आला तरी पोळपाटाचे दोनच तुकडे झाले होते, आणि त्या तुकड्यांकडे ते वर्गातल्या द्वाड पण हुशार पोराकडे बघावं तसे बघायचे.

त्यात माझा तो चांगला मुद्दा पुन्हा वर आला. मूठ कोणाच्या हाताची? पोस्टमन म्हणाला, माझ्या. बाकीच्यांनी तसं म्हटलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात स्वतःचाच हात होता. शेवटी एक अत्यंत न्याय्य तोडगा निघाला. सगळ्यांच्या हातांची सरासरी काढायची. वॉलपेपरचा उरलेला गुंडाळा जमिनीवर पसरला आणि सभासदांनी एकेक करून गुडघ्यांवर बसून पंजा टेकवून पेन्सिलने गिरवून घेतला. खाली बसायला वेळ लागत होता, उठायला त्याहून जास्त. मेंढ्या पाळणाऱ्या एका सभासदाचा पंजा सुपाएवढा होता. सेक्रेटरीची बोटं चवळीच्या शेंगांसारखी. माझा हात, मग सासूबाईंचाही, कारण लाकूड त्यांचं.

"काय चाललंय हे?" हात गिरवून झाल्यावर त्यांनी मला विचारलं. मी समजावलं.

त्या गालातल्या गालात हसल्या. "सगळ्यांना होईल असा ब्लाउज शिवला की तो कोणालाच होत नाही. त्यांना सांग."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षांनी विचार केला आणि म्हणाले, "फार चांगला मुद्दा आहे."

ऑगस्टच्या शेवटी पिस्तूल तयार झालं. अस्तर लावलेल्या पेटीतून ते बाहेर काढलं तेव्हा सगळे भारावून गप्प झाले, आणि मी हसू दाबायला म्हणून गप्प झाले. रुपेरी सांगाडा, निळा ट्रिगर, सोनेरी साइट, लाल सिलिंडर. वरातीतल्या बँडवाल्याचा गणवेश दिसतो तसं ते दिसत होतं. फक्त मूठ काळसर, गुळगुळीत, आणि तिच्यात शिसवाच्या रेषा पाण्यासारख्या वाहत होत्या. बाकी सगळं तिच्यावर उधार आणून बसवलेलं वाटत होतं. एकेकाने हातात घेऊन पाहिलं. कोणाचा अंगठा बाहेर, कोणाची करंगळी हवेत. ते कोणाच्याच हातात बसलं नाही, आणि त्यामुळे कोणालाच वाईट वाटलं नाही.

तिकिटं मात्र खपेनात. रग्बी क्लबवाल्यांनी विचारलं, क्रीडा साहित्य म्हणजे काय? सभासद इकडे-तिकडे बघायचे. हे बघून सासूबाईंनी तिकिटांचा गठ्ठा मागून घेतला. पुण्याला सोसायटीच्या हळदीकुंकवात लकी ड्रॉ लावण्यात त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. कुकरच्या आशेवर त्यांनी बायकांना प्लॅस्टिकच्या चाळण्या खपवलेल्या होत्या. इथे तर पिस्तूल होतं.

गणपतीत कार्डिफच्या मराठी मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. आरती संपली होती, मोदक अजून यायचे होते, आणि दाराशी सासूबाई उभ्या होत्या. कोण सुटणार?

"आजाऱ्यांसाठी आहे. पुण्य लागतं," त्या म्हणायच्या.

"बक्षीस काय आहे, काकू?"

"खेळाचं सामान. हाताने केलेलं. अख्ख्या यूकेत असं दुसरं नाही." हेही खरंच होतं.

मंडळात एक सावध गृहस्थ होते. एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचे. इथे कायमचं राहण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी नुकताच अर्ज केला होता, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत आपल्या हातून काहीही वावगं होऊ नये म्हणून ते अक्षरशः जपून चालत. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय ओलांडत नसत. कचरा चुकीच्या डब्यात गेला तर परत काढत. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "ट्रेडमिल आहे का हो, काकू?"

"त्याहून आटोपशीर. घरात ठेवायला सोपं."

त्यांनी तिकिटं घेतली. त्यांची बायको शेजारी उभी होती, प्रसादाची पानं मांडत. औरंगाबादला ती फार्मसिस्ट होती. इथे तिची डिग्री कोणी मानत नव्हतं, म्हणून घरीच असायची. तिचा आवाज मी तोवर फक्त आरतीत ऐकला होता.

सोडत ऑक्टोबरमध्ये शनिवारी दुपारी रग्बी क्लबच्या हॉलमध्ये होती. चिठ्ठी हॉस्पिसच्या त्या गोड बाईंनी काढली आणि आडनाव वाचताना त्यांची जीभ तीन ठिकाणी अडखळली. मराठी आडनाव आहे एवढं माझ्या लक्षात आलं. सावध गृहस्थ उठून उभे राहिले. बक्षीस घ्यायला हजर राहावं लागतं असं सासूबाईंनी बजावलं होतं, म्हणून दोघं आले होते. ट्रेडमिलच निघालं तर मावावं म्हणून गाडीची मागची सीट पाडून.

अध्यक्षांनी त्यांच्या हातात पेटी दिली. त्यांनी उघडली. आधी त्यांना वाटलं खेळणं आहे. मग वजन जाणवलं असावं.

"हे काय आहे?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"हवेचं पिस्तूल आहे. स्पर्धेचं. लायसन्स वगैरे लागत नाही."

त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. लोक टाळ्या वाजवत होते. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन पुढे झाला तेव्हा त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले. "फोटो नको! नो फोटो, प्लीज!" टाळ्या अर्धवट थांबल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. सासूबाई आल्या, त्यांच्या मागे सावध गृहस्थांची बायको.

"वहिनी, माझा राहण्याचा अर्ज होम ऑफिसात आहे, गृहखात्यात," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "माझ्या नावावर पिस्तूल?"

"अहो, पण कायद्याने काहीच अडचण नाही. पोलिसांना विचारलंय."

त्यांनी तिथूनच आपल्या वकिलाला फोन लावला. शनिवारी दुपारी. वकिलानेही तेच सांगितलं. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"कायद्यात नाहीये हो. पण माझी फाइल जो उघडेल त्याच्या मनात असेल तर? तुमच्या या सगळ्या लोकांपैकी कोणी जिंकलं असतं तर तो छंद झाला असता. माझ्या हातात ते दिसलं तर काय होईल?"

इतका वेळ मला आतून हसू येत होतं. ते गेलं. सोडतीला आमच्यासोबत आलेला माझा नवरा जवळच उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. नळीवरून तो मला जे बोलला होता, तेच हे होतं. तेव्हा मी त्यालाही हसले होते. सासूबाईंनीही पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. "चुकलं बाबा माझं," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

"आपण परत देऊ," सावध गृहस्थ म्हणाले. "पुन्हा चिठ्ठी काढा म्हणावं."

तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "अहो, धरून तर बघू द्या."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. ती टेबलापाशी गेली आणि पेटीतून पिस्तूल उचललं, कढईतून तळण काढताना असते तेवढी सावधगिरी आणि तेवढाच आत्मविश्वास ठेवून. मूठ तिलाही मोठीच होत होती. तिने बोटं दोनदा मागेपुढे करून स्वतःपुरती जागा केली.

"तिकीट कोणाच्या नावावर आहे?" तिने विचारलं.

"माझ्या," तिचा नवरा म्हणाला.

"मग मला देऊन टाका. माझा असाही इथे कुठे काही अर्ज नाही. मला कोणी काही विचारतच नाही."

तिने हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. भाजी आणायचीये म्हणावं तसं म्हटलं. सावध गृहस्थांनी तिला समजावलं की तिचं नाव त्यांच्याच अर्जात आहे, ती त्यांचीच डिपेंडंट आहे. ती "बरं" म्हणाली आणि पिस्तूल खाली ठेवलं नाही.

अध्यक्षांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण पिस्तूल धरलेला हात त्यांना कळत होता. ते मला म्हणाले, "यांना विचार, एक छर्रा मारून बघायचाय का?"

मागच्या खोलीत आम्ही सगळे गेलो. तिचा पहिला छर्रा कागदाला लागला नाही, शेजारच्या कागदाच्या वरच्या लाकडाला लागला. दुसरा कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. म्हणजे चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण तिसऱ्या वेळी कागदाच्या कोपऱ्यात भोक पडलं आणि ती वळून हसली, तेव्हा तिचा नवरा तिच्याकडे असं बघत होता, जणू ओळख करून द्यायची राहून गेलीये.

तोडगा अध्यक्षांनी काढला. पिस्तूल क्लबच्या कपाटात कुलपात राहील. घरी न्यायचं नाही. ती क्लबची सभासद होईल आणि गुरुवारी येऊन वापरेल. पेपरात फोटो येणार नाही. सावध गृहस्थांनी हे सगळं दोनदा वदवून घेतलं आणि मग मान हलवली.

पेपरात फोटो आला तो हॉस्पिसला चेक देतानाचा. चेक दाराएवढ्या पुठ्ठ्याचा होता, तो धरायला चौघं लागले. बाईंनी 'क्रीडाप्रेमी मित्रांचे' आभार मानले आणि मला बाजूला घेऊन कानात विचारलं, "पुढच्या वर्षीही करणार ना?" हॉस्पिसच्या बागेत त्या पैशांतून एक छप्पर असलेला बाक आला. पावसात बाहेर बसावंसं वाटणाऱ्या आजाऱ्यांसाठी. नळी देणारी बाई तिथे अधूनमधून जाऊन बसते असं सेक्रेटरीने सांगितलं. हिवाळा लागायच्या आत सासूबाई पुण्याला परतल्या, सोबत तव्यावर भाजलेल्या वेल्श केकची पिशवी घेऊन. दशमीचा परदेशात जाऊन बिघडलेला भाऊ, असं त्या त्याला म्हणायच्या, पण पिशवी सोडली नाही.

त्यानंतर दर गुरुवारी मी आणि सावध गृहस्थांची बायको क्लबला जात असू. म्हणजे मी ट्रेनने, आणि तिला तिचा नवरा गाडीने आणायचा. तो आत येत नसे. कार पार्कच्या पार टोकाला, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून, बसून राहायचा. बारमन त्याला चहा नेऊन द्यायचा आणि परत येऊन सांगायचा, "तुमचा ड्रायव्हर फार सभ्य माणूस आहे." तिने सँडपेपरने घासून घासून मूठ आपल्या हाताची केली. अध्यक्षांना आधी ते रुचलं नाही, मग त्यांनीच तिला बारीक दाण्याचा कागद आणून दिला. स्पर्धांमध्ये ती शेवटून दुसरी यायची. शेवटची कोण, ते सांगायची गरज नाही.

वसंतात त्यांची परवानगी आली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तो पेढ्यांचा डबा घेऊन सोडतीनंतर पहिल्यांदाच आत आला. पोस्टमनने पेढा खाल्ला आणि हा फजचा कुठला प्रकार म्हणून चौकशी केली. मग तिचा नवरा तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि कानांत बोटं घातली. हवेचं पिस्तूल फुटाणा फुटावा एवढाच आवाज करतं, पण सोडतीच्या दिवशी ऐकूनही त्याचा त्यावर विश्वास नव्हता. ती नेम धरून उभी होती, हात पुढे, खांदा स्थिर. पाठीमागे त्याचा श्वास एवढा जोरात चालला होता की मलाही ऐकू येत होता.

"अहो," ती कागदावरची नजर न हलवता म्हणाली, "जरा सावकाश श्वास घ्या ना. माझा हात हलतोय."